ट्विलिओवरून व्हॉट्सॲप संदेश: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पायथॉनमधून ट्विलिओमार्फत (प्रोग्राममधून संदेश पाठवण्याची सेवा) व्हॉट्सॲप संदेश पाठवायला पाच-सहा ओळींचा कोड पुरतो. पाठवणारा आणि घेणारा अशा दोन्ही क्रमांकांआधी लहान इंग्रजी अक्षरांत व्हॉट्सॲप हा शब्द आणि कोलन लागतो. त्यानंतर अधिकचं चिन्ह, आणि भारतीय क्रमांक असेल तर ९१ आणि दहा आकडे. दोन्हीकडे तो शब्द लिहायचा राहून गेला तर विनंती साध्या एसएमएसची धरली जाते. कर्ल (कमांड लाइनवरून विनंती पाठवण्याचं साधन) वापरत असाल तर अधिकचं चिन्ह एन्कोड करा, म्हणजे सांकेतिक रूपात लिहा, नाहीतर त्याची मोकळी जागा होते.

चाचणीसाठी सँडबॉक्स, म्हणजे ट्विलिओने दिलेली सरावाची जागा, उत्तम आहे. घेणाऱ्याने ‘जॉइन’ आणि तुमच्या खात्याला मिळालेला सांकेतिक शब्द सँडबॉक्सच्या क्रमांकावर पाठवायचा. ही जोडणी ७२ तासांनी संपते आणि मग ६३०१५ ही एरर येते. कोडमध्ये चूक शोधत बसू नका, पुन्हा जॉइन करा. तीन सेकंदांना एक संदेश ही तिथली गती, त्यामुळे मोठ्या यादीची चाचणी तिथे होत नाही.

खरी अडचण प्रत्यक्ष वापरात येते. ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासच मनासारखा मजकूर पाठवता येतो, त्यानंतर फक्त मंजूर टेम्प्लेट, म्हणजे आधी मान्यता घेतलेला ठरावीक मजकूर. नियम मोडला तर ६३०१६. पण ही एरर विनंती करताना दिसत नाही! एपीआय (आपला प्रोग्राम ट्विलिओशी बोलतो तो दुवा) २०१ आणि ‘क्यूड’, म्हणजे संदेश रांगेत लागला, असं उत्तर देतं, प्रोग्राम खूश होतो, आणि अपयश नंतर स्टेटस कॉलबॅकमध्ये, म्हणजे ट्विलिओ आपल्या सर्व्हरला संदेशाची स्थिती कळवतं तेव्हा, कळतं. म्हणून कॉलबॅक पहिल्या दिवसापासून जोडा, संदेशाचा एसआयडी (त्याचा ओळख क्रमांक) डेटाबेसमध्ये ठेवा. कॉलबॅक क्रमाने येतीलच असं नाही. ‘डिलिव्हर्ड’नंतर आलेल्या ‘सेंट’ने आधीची नोंद पुसू देऊ नका. ‘रीड’वर तर हिशेब बांधूच नका, कारण अनेकांनी निळ्या खुणा बंद ठेवलेल्या असतात.

मराठी टेम्प्लेट मंजूर होतात, भाषा मराठी निवडायची. व्हेरिएबलने (नाव, तारीख अशा बदलत्या मजकुराच्या जागेने) सुरुवात किंवा शेवट चालत नाही. आपली वाक्यं नावाने सुरू होतात, म्हणून आधी ‘नमस्कार’ टाका. शेवटी क्रियापद असतंच, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. व्हेरिएबलमध्ये नवी ओळ घालू नका. डेटाबेसमधला पत्ता तसाच भरला की संदेश इथेच अडकतो.

टेम्प्लेटचा वर्ग निवडताना काटेकोर राहा. अपॉइंटमेंटची आठवण युटिलिटी या कामाच्या सूचनांच्या वर्गात बसते, पण त्यात सवलतीची एक ओळ घातली की मेटा (व्हॉट्सॲपची मालक कंपनी) ते टेम्प्लेट मार्केटिंगमध्ये टाकू शकते. १ जुलै २०२५ पासून मेटाची आकारणी दर टेम्प्लेट संदेशामागे आहे. २४ तासांच्या आतला युटिलिटी संदेश मात्र मोफत. त्यावर ट्विलिओचे प्रत्येक संदेशाला अर्धा अमेरिकी सेंट, येणाऱ्या संदेशालाही. दवाखाना किंवा क्लासच्या आठवणींसाठी ही रक्कम मला रास्त वाटते. रोज हजारोंनी संदेश जाणार असतील तर ट्विलिओ मध्ये न ठेवता थेट मेटाचं क्लाउड एपीआय घ्यावं. मार्केटिंगला ६३०४९ ही एरर आली तर तो संदेश न पोचवण्याचा निर्णय मेटाचा असतो. लगेच पुन्हा पाठवून काही होत नाही.

एसएमएसच्या मानाने मराठीला इथे मोठा फायदा आहे. देवनागरी एसएमएस ७० अक्षरांपुढे तुटतो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात. इथे १६०० अक्षरांपर्यंत एकच संदेश.

वेबहुकची, म्हणजे ट्विलिओकडून आपल्या सर्व्हरवर येणाऱ्या विनंतीची, सही तपासल्याशिवाय सर्व्हर उघडा ठेवू नका. ती सही पूर्ण यूआरएलवरून बनते. एनजिनएक्समागे (ॲपच्या पुढे बसून विनंत्या आत पाठवणारा सर्व्हर) ॲपला एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपी दिसतं आणि खरी विनंतीही नाकारली जाते. अशा वेळी तपासणी बंद करू नका. विनंती मुळात एचटीटीपीएसने आली होती का हे सांगणारं फॉरवर्डेड प्रोटो हेडर वाचून मूळ यूआरएल जुळवा.