केमो चालू असताना: कोव्हिशील्ड की कोव्हॅक्सिन?

जून २०२१ची परिस्थिती धरून लिहितोय. लस घ्यावी की नाही हा वाद सोडा. दोन्हींत वाढू शकणारा विषाणू नाही, त्यामुळे लसीनेच कोविड होण्याची भीती नको.

कागदावर कोव्हिशील्ड पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिला फेब्रुवारीतच आणीबाणीच्या वापराच्या यादीत घेतलं, कोव्हॅक्सिन अजून रांगेत. केंद्रांवरही कोव्हिशील्डच जास्त मिळते. मे महिन्यात कोव्हॅक्सिनच्या दुसऱ्या डोससाठी राज्याला १८ ते ४४ वयोगटाचा साठा वळवावा लागला होता.

मी स्वतः कोव्हिशील्ड घेतली. रात्रभर ताप, हुडहुडी; क्रोसिन घेतली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. बायकोचं तसं नाही, तिची केमो चालू आहे. १००.४च्या वर ताप गेला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना आलेला ताप जिवावर बेतू शकतो, आणि हा ताप लसीचा की इन्फेक्शनचा हे थर्मामीटर सांगत नाही. म्हणजे मध्यरात्री सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी), वेळ पडली तर ॲडमिशन, तेही कोविड पेशंटनी भरलेल्या इमारतीत. जिथे जायची वेळ येऊ नये म्हणून लस घ्यायची, तिथेच!

कोव्हॅक्सिनने ताप येतच नाही असं नाही. पण आमच्या ओळखीत हात दुखण्यापलीकडे फारसं कुणाला झालं नाही, बायकोने तीच घेतली, हिलाही नाही. एवढ्यावरून नियम काढू नये, मान्य.

शिवाय अंतर. कोव्हिशील्डचा दुसरा डोस आता १२ ते १६ आठवड्यांनी. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या अभ्यासात फायझरच्या एका डोसनंतर घट्ट गाठ होणाऱ्या कॅन्सरच्या (सॉलिड ट्यूमर; रक्ताचा कॅन्सर नव्हे) पेशंटपैकी ४० टक्क्यांहून कमी लोकांत अँटिबॉडी दिसल्या. दुसऱ्या डोसनंतर चित्र बरंच सुधारलं. लस वेगळी आहे, तरी तीन महिने एका डोसवर काढणं मला पटेना. कोव्हॅक्सिनला ४ ते ६ आठवडे. सहा आठवडे म्हणजे २१ दिवसांच्या दोन सायकली, त्यामुळे दोन्ही डोस पुढच्या केमोच्या जरा आधी, पेशी सावरलेल्या असताना बसवता आले.

केमो संपून नुसत्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर एवढा विचार नको, मिळेल ती घ्या. रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींनाच मारणारं औषध) चालू असेल तर ब्रँडपेक्षा वेळ महत्त्वाची, ती तुमचे ऑन्कोलॉजिस्टच ठरवतील. आणि ब्रेस्ट कॅन्सर असेल तर सुई दुसऱ्या बाजूच्या दंडात घ्या. लसीने त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी सुजल्या की पुढच्या पेट स्कॅनमध्ये उगाच घोळ होतो.