पहिला ट्यूब अ‍ॅम्प: ५एफ१ बांधायचा, ५ई३ बांधायचा, की हातातलाच मॉड करायचा?

गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) स्वतः करायचं एकदा डोक्यात शिरलं की बहुतेक जण तीन गोष्टींतच घुटमळतात. फेंडरचा छोटा चॅम्प म्हणजे ५एफ१ बांधू, का डायरेक्ट ५ई३ डिलक्सलाच हात घालू, का घरात पडलाय तोच अ‍ॅम्प उघडून त्याला मॉड करू, म्हणजे आतल्या सर्किटात बदल करू. मला विचाराल तर आवाज कुठला भारी हा मुद्दाच नाही, आवाज ५ई३चाच भारी आहे, विषय संपला. मुद्दा असा की काही बिनसलं तर आत नेमकं कुठे बघायचं हे तुम्हाला कळणार आहे का, कारण घरी बांधलेला अ‍ॅम्प पहिल्याच स्विचला नीट चालला तरी थोड्याच दिवसांत तुम्ही त्यात काहीतरी उचकपाचक करणार म्हणजे करणारच, आणि ती मजा कुठल्या अ‍ॅम्पमध्ये किती हे बघून ठरवायचं.

५एफ१ आणि ५ई३ दोन्ही फेंडरचे १९५०च्या दशकातले ट्वीड सर्किट, दोन्हीकडे ६व्ही६ पॉवर ट्यूब, दोन्हीकडे ५वाय३ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब), दोन्ही कॅथोड बायस. म्हणजे बायस (आवाज नसताना ट्यूबमधून किती करंट जावा ते) सेट करायची भानगड नाही, कॅथोडखालचा रेझिस्टर ते बघून घेतो. इथपर्यंत भाऊ भाऊ. पुढे मात्र वेगळं होतं. ५एफ१ मध्ये एक १२एएक्स७ (गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारी प्रीअ‍ॅम्प ट्यूब, आत ट्रायोड नावाचे दोन भाग), एक ६व्ही६, एक व्हॉल्यूम नॉब, संपलं, टोन नॉब पण नाही, साधारण ५ वॅट आणि ८ इंची स्पीकर. ५ई३ मध्ये पुढे १२एवाय७, मग १२एएक्स७, त्याच्या अर्ध्या भागात फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या एकमेकींच्या उलट दोन प्रती करणारा), दोन ६व्ही६ पुश-पुलमध्ये (एक ढकलते, एक ओढते अशी जोडी), दोन व्हॉल्यूम, एक टोन, १२ ते १५ वॅटच्या आसपास आणि १२ इंची स्पीकर.

५ वॅट आणि १५ वॅट म्हणजे तिप्पट मोठा आवाज असं लोक धरून चालतात, तसं अजिबात नाही. तिप्पट पॉवर म्हणजे पावणेपाच डीबीच्या आसपास, फरक कळतो पण तिप्पट वाटत नाही. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये तो किती आवाज काढतो ते बघा, ९४ डीबीच्या स्पीकरऐवजी १०० डीबीचा लावला तर तेवढ्याच अ‍ॅम्पमधून चौपट पॉवर दिल्याइतका फरक पडतो. म्हणून ५एफ१ला १२ इंची चांगला स्पीकर लावला की ऐकणारा चाट पडतो. बाकी ड्रमरबरोबर वाजवायचंय आणि आवाज क्लीन पण हवाय तर ५एफ१ कमी पडणार, तिथे उगाच मनाची समजूत घालू नका.

आता बांधायला कोण सोपं. ५एफ१च्या बोर्डवर विसेक पार्ट असतात आणि सिग्नलची वाट सरळ आहे, जॅक, पहिला ट्रायोड, व्हॉल्यूम, दुसरा ट्रायोड, पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर. आवाज आला नाही तर त्या वाटेने मीटर घेऊन चालत जायचं, कुठे ना कुठे व्होल्टेज चुकीचं सापडतंच. ५ई३मध्ये दोन चॅनल एकमेकांत गुंतलेले, वापरत नसलेल्या चॅनलचा व्हॉल्यूम फिरवला तरी वापरातल्या चॅनलचा आवाज बदलतो, टोन नॉब पण त्यातच लुडबुड करतो. हा बिघाड नाही, सर्किटच तसं आहे आणि वाजवणाऱ्याला तेच आवडतं, पण पहिल्यांदा बांधणारा माणूस इथे हमखास गोंधळतो, आपलं वायरिंग चुकलं असं समजून चांगलं जोडलेलं पण उकरून ठेवतो.

५एफ१मध्ये एक गंमत आहे जी ५ई३मध्ये होतच नाही. स्पीकरच्या जॅकवरून २२के (२२ हजार ओहम) चा रेझिस्टर मागे दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला जातो, तो निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देऊन गेन आवरणं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी उलट लागल्या की तो निगेटिव्हचा पॉझिटिव्ह होतो आणि स्विच टाकल्या टाकल्या अ‍ॅम्प असा किंचाळतो की काळजात धस्स होतं. घाबरायचं नाही, बंद करून कॅप (कपॅसिटर, चार्ज साठवणारे पार्ट) डिस्चार्ज करायच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या, म्हणजे स्पीकरकडच्या, दोन वायरींची अदलाबदल करायची. ५ई३मध्ये फीडबॅकच नाही त्यामुळे हा प्रकार नाही. पण हाच २२के म्हणजे ५एफ१चं सगळ्यात स्वस्त मॉड. एक छोटा स्विच लावून तो रेझिस्टर तोडायची सोय केली की गेन वाढतो, आवाज रांगडा होतो, स्विच परत टाकला की अ‍ॅम्प पुन्हा सभ्य.

हमच्या, म्हणजे स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणीच्या, बाबतीत ५ई३ पुढे आहे. पुश-पुलमध्ये पॉवर सप्लायचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना सारखाच येतो आणि बराचसा आपोआप कटतो, ५एफ१ सिंगल एंडेड (एकाच पॉवर ट्यूबचा) असल्यामुळे जे येतं ते सरळ स्पीकरवर. गिटार न लावता पण थोडा हम ऐकू येणार हे धरूनच चाला. फक्त तो कुठला हम आहे ते कानाने ओळखायला शिका. ५० हर्ट्झच्या मेन्सवर फिल्टर कॅपचा रिपल १०० हर्ट्झचा असतो, जरा खरखरीत, आणि हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या तारेच्या) वायरींमधून शिरणारा ५० हर्ट्झचा, जाड आणि मऊ. पहिला असेल तर फिल्टर बघा, मूळ १६ मायक्रोफॅरडच्या जागी २२ लावला तर चालतो, पण ५वाय३च्या पुढे उगाच १०० मायक्रोफॅरड ठोकू नका, बिचाऱ्या रेक्टिफायरला ते झेपत नाही. दुसरा असेल तर हीटरच्या वायरी घट्ट पीळ देऊन चॅसीच्या कडेने न्या आणि हीटरच्या वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली वायर) नसेल तर १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर ग्राउंडला लावा.

आता ५ई३च्या बाजूने, कारण आत्तापर्यंत मी जरा ५एफ१चीच वकिली केली. व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला की तो जसा फुटतो, दाबून वाजवलं की आत ओढला जातो आणि बोट हलकं केलं की परत साफ होतो, ते ५एफ१मध्ये पूर्ण मिळत नाही. त्याची तक्रार एकच, फुल व्हॉल्यूमला खालच्या तारांचा नुसता चिखल होतो, बेस भसभसतो. त्यावर सगळे सांगतात की ०.१ मायक्रोफॅरडचे कपलिंग कॅप (एका ट्यूबमधून पुढच्या ट्यूबला सिग्नल नेणारे) काढून ०.०२२ लावा, बेस कमी होईल. सल्ला बरोबर आहे पण कारण अर्धवट. २२०के च्या ग्रिड रेझिस्टरबरोबर (ग्रिड म्हणजे ट्यूबमध्ये सिग्नल शिरतो ते टोक) ०.१ला कटऑफ, म्हणजे ज्याच्या खाली बेस उतरायला लागतो तो आकडा, येतो ७ हर्ट्झच्या आसपास आणि ०.०२२ला ३३, गिटारची सगळ्यात खालची ई असते ८२ला, म्हणजे दोन्हीतून ती जवळजवळ पूर्णच जाते. खरा फरक पडतो तो वेळेत. जोरात वाजवलं की पॉवर ट्यूबचा ग्रिड करंट ओढायला लागतो, कॅप चार्ज होऊन बसतो, तो रिकामा होईपर्यंत ट्यूब अर्धी बंद, म्हणून आवाज घुसमटतो. ०.१ आणि २२०के चा टाइम कॉन्स्टंट (कॅप रिकामा व्हायच्या वेळेचं माप) २२ मिलिसेकंद, ०.०२२चा जेमतेम ५. अ‍ॅम्प लवकर सावरतो, आणि आपल्याला वाटतं बेस आवरला. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला कॅप कुठे बदलायचा हे कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरं लोकप्रिय मॉड म्हणजे १२एवाय७ काढून १२एएक्स७ खोचणे, सोल्डरिंगची पण गरज नाही. अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर ४४ वरून १०० वर जातो, त्यामुळे सगळं लवकर फुटतं, पण व्हॉल्यूमच्या नॉबवर क्लीनची जी थोडीशी जागा होती ती पण जाते. मला नाही आवडत, तुम्ही करून बघा, उलटं फिरवायला मिनिट लागतं.

तिसरा पर्याय, हातातला रेडीमेड अ‍ॅम्प मॉड करायचा. इथे दोन उदाहरणं घेऊ. एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनियर, एक ईएल८४ पॉवर ट्यूब, एक १२एएक्स७, एक नॉब, म्हणजे मनाने चॅम्पचाच चुलत भाऊ, शिकायला छान. फेंडरचा ब्लूज ज्युनियर, दोन ईएल८४, तीन १२एएक्स७, १५ वॅट, स्प्रिंग रिव्हर्ब, आणि बऱ्याच आवृत्त्यांमध्ये बायस फिक्स्ड असून तो कमीजास्त करायला पॉटच (फिरवायचा रेझिस्टर) दिलेला नाही, त्यामुळे बायसचा पॉट बसवणं हे त्याचं पहिलं मॉड ठरलेलंच. फायदा उघड आहे, कॅबिनेट, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर सगळं तयार, आज संध्याकाळी एक रेझिस्टर बदलला तर आज रात्री फरक ऐकायला मिळतो.

तोटा म्हणजे पीसीबी, छापील सर्किट बोर्ड. तांब्याची पट्टी बोर्डला चिकटवलेली असते, त्याच पॅडवर दोनतीनदा सोल्डर गरम केलं की पट्टी सुटून वर येते, मग जंपर वायरी मारत बसा. टरेट बोर्ड किंवा टॅग स्ट्रिपवर (जिथे पार्ट धातूच्या खुंट्यांना किंवा पट्ट्यांना सोल्डर करतात) तोच पार्ट कितीदाही काढा-घाला, काही होत नाही. त्यातून ब्लूज ज्युनियरसारख्यात पॉट पण बोर्डवरच आणि ट्यूबचे सॉकेट वेगळ्या बोर्डवर रिबन केबलने जोडलेले, एक कॅप बदलायला अर्धा अ‍ॅम्प उलगडावा लागतो. आणि मग लोक त्यात नवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतात, नवा स्पीकर, चोक, भारीतले कॅप, नाकापेक्षा मोती जड. माझं मत सरळ आहे, तो अ‍ॅम्प आत्ता आहे तसा तुम्हाला ऐंशी टक्के आवडत असेल तरच मॉड करा. मुळातच आवडत नसेल तर विकून टाका, मॉडने अ‍ॅम्पचा स्वभाव बदलत नाही.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ अ‍ॅम्प करायचा हा चौथा पर्याय कुणीतरी सुचवतंच. ज्यात पॉवर ट्रान्सफॉर्मर नाही आणि हीटर सगळे सिरीजमध्ये मेन्सवर, असला सेट पहिल्या प्रोजेक्टला घेऊच नका. त्याची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असू शकते आणि गिटारच्या तारा त्या चॅसीला, म्हणजे तुमचा हात सरळ लाइनवर. ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर ठीक, पण जुने कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कॅप सगळे बदलायचे, थ्री पिन कॉर्ड आणि फ्यूज टाकायचा.

सेफ्टीत तिन्ही सारखेच, आत तीनसाडेतीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. खास करून ट्यूब काढून नुसता रेक्टिफायर लावून टेस्ट केली तर कॅपमधला चार्ज जायला वाटच नसते. १०के, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून उतरवा आणि मीटरने बघितल्याशिवाय हात घालू नका. स्वतः बांधत असाल तर फिल्टरवर २२०के, २ वॅटचा ब्लीडर (चार्ज आपोआप उतरवणारा रेझिस्टर) कायमचाच लावून टाका, अर्ध्या-पाऊण मिनिटात काम होतं, तरी मीटर लावायचाच. पहिला स्विच साध्या फिलामेंटच्या ६० ते १०० वॅटच्या बल्बमधून सिरीजमध्ये द्या, एलईडी चालत नाही. बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, तसाच लख्ख राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प वाजवायचा नाही, लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज एवढं चढतं की आत ठिणगी पडून तो कायमचा जातो.

५एफ१मध्ये एक मोजमाप सगळ्यांनी करून बघावं, पॉवर ट्यूब किती राबतेय ते. समजा ६व्ही६च्या कॅथोडवर ४७० ओहमवर २० व्होल्ट दिसले, म्हणजे साडेबेचाळीस मिलिअ‍ॅम्प. त्यातले दोनअडीच स्क्रीनचे (ट्यूबमधल्या दुसऱ्या ग्रिडचे) सोडा, राहिले ४०. प्लेटवर ३४० व्होल्ट असतील तर कॅथोडचे २० वजा करून ३२०, गुणिले ४० मिलिअ‍ॅम्प, १२.८ वॅट. ६व्ही६जीटीची मर्यादा १४, म्हणजे जोरात चाललीय पण मर्यादेत. ५ई३मध्ये दोन ट्यूबचा मिळून एकच २५० ओहमचा रेझिस्टर असतो, तिथे एक ट्यूब जास्त ओढतेय आणि एक कमी हे या आकड्यातून कळतच नाही.

म्हणून शिकायचंय, मॉड करत बसायचंय, घरात वाजवायचंय तर ५एफ१. याआधी पेडल किंवा दुसरं काही सोल्डर केलंय, मीटर हातात बसलाय आणि बँडमध्ये न्यायचाय तर ५ई३ला बिनधास्त हात घाला, उगाच छोट्यात वेळ घालवू नका. मनात पुढचा ५ई३ आहे पण सुरुवात ५एफ१ने करताय, अशांनी पॉवर ट्रान्सफॉर्मर आत्ताच ५ई३च्या ताकदीचा घ्यावा, प्रायमरी आपल्या मेन्सच्या व्होल्टेजची आहे ना ते आधी तपासून, आणि चॅसीत एका जास्तीच्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबचं आणि एका जास्तीच्या ६व्ही६चं भोक पाडून झाकून ठेवावं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र तेव्हा बदलावाच लागेल, सिंगल एंडेडच्या गाभ्यात एअर गॅप असतो, पुश-पुलचा तिथे चालत नाही. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर हलक्या लोडवर जरा जास्त व्होल्टेज देतो, त्यामुळे वरचं मोजमाप केल्यावर आकडा १४च्या पुढे गेलेला दिसला तर ४७०च्या जागी ५६० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर लावा आणि परत मोजा.