कॉलेज रोडचं शोरूम समजून 9,439 रुपये घालवले, स्टँड मिक्सर घेणाऱ्यांनी वाचा

लिहू की नको असं तीन आठवडे चाललं होतं. घरात आमच्या ह्यांना सोडून कुणाला पूर्ण आकडा माहीत नाही. पण काल इथल्याच, नाशिकच्या इंदिरानगरच्या एका मैत्रिणीने स्वस्त मिक्सरची तसलीच जाहिरात मला पाठवली, "घेऊ का गं?" म्हणून, आणि म्हटलं आता लाज बाजूला ठेवायची. एकूण 9,439 गेले. 2,000 बुकिंगचे, 5,999 माल पाठवायच्या आधी, आणि वर 1,440 जीएसटी म्हणून, जो म्हणे डिलिव्हरीनंतर परत येणार होता.

मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. चार वर्षं हँड मिक्सरवर काढली आणि ऐन नाताळच्या ऑर्डरी चालू असताना बटर-साखर फेटता फेटता त्याची मोटर जळाली. स्टँड मिक्सर घ्यायचाच होता, बजेट पंधरा हजार. डोळे मिटून घेतला असं कुणी म्हणू नका. पाच लिटरचं भांडं हवं, प्लॅनेटरी हवा म्हणजे बीटर स्वतःभोवती फिरत भांड्यातही गोल फिरतो आणि कडेचं पीठ राहत नाही, गिअर मेटलचे हवेत, नुसत्या वॉटच्या आकड्यावर जायचं नाही कारण तो मोटर किती वीज ओढते ते सांगतो, पीठ किती ताकदीने मळते ते नाही, हे सगळं मी वाचलं होतं. मेनरोडला जाऊन मिक्सर हाताळून आले, 14,500 च्या खाली कुणी उतरेना. त्याच रात्री मोबाईलवर जाहिरात, तेच मॉडेल, शोरूम क्लिअरन्स, 7,999, पत्ता कॉलेज रोड, नाशिक.

मी फोन केला. माणूस गोड बोलत होता, हिंदीत. म्हटलं कॉलेज रोडला नक्की कुठे, मी येऊन बघते. तो म्हणाला, "मॅडम, स्टेशन से पाच मिनट पैदल, लेकिन अभी रिनोव्हेशन चालू है, माल गोडाऊन से आएगा."

स्टेशनपासून पाच मिनिटं चालत! अहो नाशिकरोडचं स्टेशन कुठे आणि कॉलेज रोड कुठे, मधे द्वारका, मुंबई नाका, अर्धं शहर पडतं. माझं लग्न होऊन इथे एकोणीस वर्षं झाली, लहान पोराला विचारलं तरी तो सांगेल. आणि मी ते वाक्य ऐकलं, "बरं बरं" म्हटलं आणि पुढे वॉरंटीचं विचारलं. ओव्हनमध्ये स्पंज होता, टायमर वाजत होता, दारात काकू ऑर्डर न्यायला उभ्या होत्या, एका हातात फोन. तरीसुद्धा. ते वाक्य अजून रात्री झोपताना आठवतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

तिथेच थांबायला हवं होतं, पण पुढेही खुणा होत्याच. क्यूआर स्कॅन केला तर दुकानाचं नाव नाही, कुणा माणसाचं नाव आलं. मालकाचं असेल असं धरून चालले. बिलावरचा जीएसटी नंबर 07 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा 27 ने होतो, 07 दिल्लीचा, हे मला नंतर कळलं. जीएसटीच्या साईटवर नंबर टाकला की नाव-पत्ता फुकट दिसतो, दोन मिनिटांचं काम, पैसे द्यायच्या आधी करा. आणि जीएसटी गिऱ्हाईकाला "रिफंडेबल" कधीच नसतो, असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

पाचव्या दिवशी खोकं आलं. कुरिअरच्या मुलाने एका हाताने दिलं. मेनरोडच्या दुकानात तोच मिक्सर मला दोन हातांनी सरकवावा लागला होता. खोक्यावर एमआरपी नाही, बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता नाही. अर्धा किलो मैद्याचा पावाचा गोळा टाकला, एक नंबर स्पीड, तिसऱ्या मिनिटाला जळका वास आला आणि मोटर घुरघुरतेय पण पीठ मळायचा हूक जागचा हलेना. बुडाला "1400 वॉट"चा स्टिकर होता, त्याचा कोपरा नखाने उचकटला तर खाली छापलेलं 300. ह्यांनी स्क्रू काढले. आत पांढरा प्लास्टिकचा गिअर, एका बाजूचे दात पार घासून सपाट, आणि ग्रीसमध्ये त्याचाच भुगा. फोन लावला तर नंबर बंद, पेजवरून मला ब्लॉक.

आता पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे सायबरकडे जा. तिथे गेले तर म्हणे वस्तू मिळाली ना तुम्हाला, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम." चार चकरा, दोन अर्धे दिवस बुडाले, अर्ज तीनदा लिहून घेतला आणि पोच एकदाच दिली, तीही मी अडून बसले म्हणून. एकाने तर सरळ सांगितलं, घरी बसूनच केक करता ना, मग हाताने फेटा की. 300 वॉटच्या मशीनवर 1400 चा स्टिकर लावून विकणं ही फसवणूक नसेल तर फसवणूक म्हणतात कशाला? रक्कम लहान आहे म्हणून दुर्लक्ष करायचं असेल तर तसं तोंडावर सांगा. माझ्या घरात 9,439 म्हणजे दोन महिन्यांचं सामान आहे.

माझी एक चूक झाली, 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, मी खोकं आल्यावर चौथ्या दिवशी फोन केला. कळलं की त्याच मिनिटाला करा, पैसे पुढे सरकायच्या आत. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आधी सील दाखवा मग कात्री लावा. सीरियल नंबर कंपनीच्या कस्टमर केअरला वाचून दाखवा. अनोळखी दुकानाला आगाऊ पैसे नकोतच, द्यायचेच तर क्रेडिट कार्डाने द्या, निदान बँकेकडे वाद घालता येतो.

ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी साईटवरून आता मी जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, दिल्लीला जावं लागत नाही. गिअर, स्टिकर, खोकं सगळं पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलंय. मैत्रिणीने पाठवलेल्या जाहिरातीत फोटो तोच आहे, फक्त पत्ता आता गंगापूर रोडचा आणि भाव 7,499. कुणाचे असेच गेले असतील तर व्यवहाराचा नंबर जपून ठेवा आणि मला कळवा, तक्रार एकत्र देऊ.