‘ही गाडी आता बनत नाही, भाऊ’

नोव्हेंबर 2022 मधली गोष्ट. काटोलहून रात्री नागपूरला परत येत होतो. काटोल रोडवर अंधारातून रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली आणि माझी रॉयल एनफील्ड क्लासिक 350 तिच्यावर आदळली. उजवं मनगट मोडलं, खांद्याला मार बसला. जीव वाचला, ही देवाची कृपा. गाडी मात्र रस्त्याच्या कडेला पडून होती. पुढचं चाक मागे सरकून इंजिनाला टेकलं होतं, हेडलाइटचा डूम फुटला होता आणि खाली ऑइल सांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाने छोट्या हत्तीत टाकून ती शहरातल्या एका गॅरेजवर नेली. दुकानाचं नाव इथे देत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर सांगतो. तुमच्यापैकी कुणाचा हात प्लास्टरमध्ये असेल आणि गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असेल, तर हे वाचून थोडा वेळ थांबा.

तिसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याचा फोन आला. “भाऊ, चेसिस गेलं. ही गाडी आता बनत नाही. चाक इंजिनाला लागून राहिलं, पाहिलं ना तुम्ही?” मी पाहिलं होतं, म्हणून विश्वास ठेवला. विम्याचं विचारलं तर म्हणाला, “काहून त्या भानगडीत पडता? क्लेम लावला की नो क्लेम बोनस जाते, अन् सर्वेअर अर्धे पैसे कापते.” नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आणि सर्वेअर म्हणजे नुकसान तपासायला येणारा विम्याचा माणूस. पुढच्या फोनपर्यंत त्याने गाडी खोलून टाकली होती. “आत काय झालं ते पाहाव लागते ना.” टाकी एका कोपऱ्यात, पुढचा सगळा भाग दोन बोऱ्यांत. खोललेली गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायची म्हणजे पुन्हा टेम्पो, पुन्हा हमाली, आणि बोरीतले सगळे नट-बोल्ट आपलेच आहेत याची खात्री कोण देणार? वर रोजचे शंभर रुपये पार्किंग सुरू झालं ते वेगळंच.

मग कागदावर हिशेब आला. चेसिस, पुढचे दोन्ही शॉकअप, रिम, क्रँक, मजुरी मिळून 78,000 रुपये. “त्यापेक्षा पार्टात काढा. मी 18,000 देतो.” म्हणजे गाडी सुट्या भागांच्या भावाने विकून टाकायची. माझ्या बायकोला त्याने वेगळा फोन केला. “ताई, रक्त लागलेली गाडी घरी ठेवू नये.” ती आधीच घाबरलेली होती. ती म्हणाली, जाऊ द्या ती गाडी. मलाही रात्री डोळे मिटले की रोहीच दिसत होती. मी हो म्हणालो.

शंभराच्या स्टॅम्पपेपरवर डाव्या हाताने सही केली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वरही केल्या, आणि ते दोन्ही कोरे होते. आरसीचं कार्ड आणि आधारची झेरॉक्सही दिली. “आरसी मी कॅन्सल करून देतो, तुम्ही कुठं हात घेऊन फिरता,” हे त्याचे शब्द.

जुलै 2023 मध्ये मोबाइलवर ई-चलान आलं. विनाहेल्मेट. महाट्रॅफिकवर, म्हणजे ई-चलानच्या सरकारी साइटवर, फोटो उघडला आणि अंगावर काटा आला. टाकीचा रंग बदलला होता, पण साइड पॅनलवर मीच लावलेलं पंजाचं स्टिकर तसंच होतं. नंबर माझा, एमएच 31. जी गाडी बनत नव्हती ती कामठी रोडवर धावत होती.

चलानापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने झोप लागेना. गाडी माझ्या नावावर होती आणि विमा मे महिन्यातच संपला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. ती चालवणाऱ्याने कुणाला उडवलं असतं तर दावा माझ्यावर आला असता, आणि मागे विमा कंपनीही नव्हती.

मग मी तेव्हा विचारायला हवं होतं ते सगळं विचारत सुटलो. सक्करदऱ्याच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना अपघातानंतर मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. ते म्हणाले, “पोरा, चाक मागं आलं म्हणजे चेसिस गेलं असं नसते. समोरून ठोकली की आधी शॉकअपचे पाईप वाकते. चेसिसले मार असला तर हँडलच्या मुंडीजवळ, वेल्डिंगपाशी रंग तडकते. तुझ्या फोटोत रंग कुठं तडकला सांग.” कुठेच नव्हता तडकला. दोन्ही चाकांना बाजूने सुतळी ताणून धरली की गाडी सरळ आहे की नाही ते पाच मिनिटांत दिसतं, पण वाकलेले पाईप बदलल्यावरच, हेही त्यांनीच सांगितलं. पाईप, हँडलचा टी, रिम, डूम, मडगार्ड आणि मजुरी धरून त्यांचा अंदाज 29,000 चा होता.

आता विम्याचा हिशेब ऐका, कारण माझं खरं नुकसान तिथे झालं. पॉलिसीवर माझ्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, 72,000 होती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला, म्हणजे माझ्या बाबतीत 54,000 च्या वर, की कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरते. त्या माणसाचा 78,000 चा आकडा खरा असता, तर क्लेमचे पैसे आणि मोडीची किंमत मिळून मला सत्तर हजारांच्या आसपास मिळाले असते. आणि खोटा असता, तसा तो होताच, तर 29,000 ची दुरुस्ती क्लेममध्ये बसली असती. माझ्या गाडीच्या वयाला धातूच्या भागांवर 35 टक्के आणि रबर-प्लास्टिकवर 50 टक्के घसारा कापतात, मजुरीवर कापत नाहीत. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे आलेच असते. नो क्लेम बोनस फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या, हप्त्यावर नाही. माझा 45 टक्के बोनस रुपयांत मोजला तर सहाशेच्या आत भरला. सहाशे रुपये वाचवायला मी क्लेम सोडला.

म्हणून सांगतो, सर्वेअरने पाहिल्याशिवाय गाडीचा एक नटही खोलू देऊ नका. आणि जो गाडी विकत घ्यायला तयार आहे, त्यालाच ती मेली की जिवंत हे ठरवू देऊ नका.

गाडी खरंच मोडीत काढायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी आपणच जमा करायची असते. 2021 च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रं आहेत, तिथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं. सुट्या भागांत विकतानाही हे टाळता येत नाही, कारण इंजिनावर आणि चेसिसवर नंबर असतात आणि ते दोन्ही तुमच्या आरसीवर असतात.

चलानच्या फोटोवरून मी गाडी चालवणाऱ्या पोराला शोधलं. कामठीकडचा, तेवीस-चोवीसचा, गोदामात कामाला. त्याने 85,000 मोजले होते. ‘एका हाताची, ठोकलेली नाही’ असं सांगून गाडी दिली होती आणि ट्रान्स्फर “होऊन जाईल” म्हणत सात महिने फिरवलं होतं. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. तो बिचारा माझ्यापेक्षाही जास्त बुडालेला निघाला. त्याला विचारलं, हँडल कसं चालतं? म्हणाला, “सत्तरच्या वर गेली का थरथरते, काका.”

त्याच दिवशी त्याला सक्करदऱ्याला घेऊन गेलो. मिस्त्रींनी पाईप काढून काचेवर लोळवले. एक सरळ गेला, दुसरा उड्या मारत. वाकलेला पाईप प्रेसवर दाबून सरळ केला होता आणि तसाच पुन्हा बसवला होता. त्यावर हे पोरगं रोज कामठी रोडवर ट्रकांच्या मधून जात होतं. तेव्हा मला जेवढा राग आला, तेवढा माझे पैसे गेले तेव्हाही आला नव्हता.

नवे पाईप टाकले, अर्धे पैसे मी दिले. चलान भरलं, त्याच्या नावाने विमा काढला, पीयूसी काढलं आणि गिरीपेठेतल्या आरटीओत दोघांनी उभं राहून नवीन 29 आणि 30 भरले, या वेळी एकही रकाना कोरा न ठेवता. गाडी आता त्याच्या नावावर आहे.

पोलीस ठाण्यात आधी मी एकटा गेलो तेव्हा “तुम्ही स्वतः सही केली ना?” एवढंच ऐकून परतलो होतो. दुसऱ्यांदा आम्ही दोघं गेलो. माझा 78,000 चा कागद, त्याची 85,000 ची पावती आणि तो वाकलेला पाईप बरोबर नेला. दोन्ही अर्ज एकत्र घेतले आणि पोचेचा शिक्का मिळाला. पाईप त्यांनी ठेवून घेतला नाही, तो माझ्याकडेच आहे.