प्रोबेट: वकिलाकडे द्यावे की स्वतः चालवावे?

कॅलिफोर्नियात स्वतःच्या नावावर घर असलेले, पण ट्रस्ट न केलेले घरातले माणूस गेले की थोड्याच दिवसांत हा प्रश्न उभा राहतो: काउंटीच्या सुपीरियर कोर्टातले प्रोबेट, म्हणजे मृताची मालमत्ता वारसांकडे सोपवण्याची कायदेशीर प्रक्रिया, वकिलाकडे सोपवायचे, की स्वतः अर्जदार होऊन चालवायचे? मी दोन्ही अनुभव घेतले आहेत. सासऱ्यांच्या इस्टेटीचे काम वकिलांमार्फत झाले आणि मोठ्या काकांचे मी स्वतः पाहिले. दोन प्रकरणांवरून नियम काढणे धाडसाचे होईल, तरीही निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना त्याचा काही उपयोग व्हावा.

आधी एक चाळणी लावलेली बरी. मृत्यू १ एप्रिल २०२५ रोजी किंवा त्यानंतर झाला असेल आणि प्रोबेटमध्ये मोजली जाणारी मालमत्ता २,०८,८५० डॉलरांच्या आत असेल, किंवा राहते घर साडेसात लाख डॉलरांपर्यंतचे असेल, तर त्यासाठी सुटसुटीत मार्ग आहेत आणि पूर्ण प्रोबेटच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. मात्र बे एरियातले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातले, घर या मर्यादेत बसणे अवघडच. शिवाय हा सगळा विचार कॅलिफोर्नियापुरता आहे; फ्लोरिडात बहुतेक प्रकरणांत वकील घ्यावाच लागतो, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही.

पैशांचे गणित वरवर पाहता एकतर्फी वाटते. वकिलाचा मेहनताना कायद्यानेच टक्केवारीत बांधलेला आहे: पहिल्या एक लाख डॉलरांवर ४ टक्के, पुढच्या एक लाखावर ३, त्यापुढच्या आठ लाखांवर २ आणि दहा लाखांच्या वर एक कोटीपर्यंत १ टक्का. बारा लाखांच्या घरावर हा आकडा २५,००० डॉलर होतो. ही टक्केवारी एकूण किमतीवर लागते. घरावर सात लाखांचे कर्ज बाकी असले तरी त्यात फरक पडत नाही, आणि ही गोष्ट अनेक कुटुंबांना फार उशिरा उमगते. वकिलांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. ही रक्कम कमाल मर्यादा असते, तीत घासाघीस करता येते, आणि ती कोर्टाच्या आदेशानंतर, सहसा अगदी शेवटी, इस्टेटीतूनच दिली जाते. सासऱ्यांच्या वेळी ती सगळ्या भावंडांच्या वाट्यातून गेली आणि कोणाचीही तक्रार नव्हती.

माझे मन पैशांमुळे वळले नाही. ते वळले वारसांच्या यादीमुळे.

मूळ अर्जाच्या, म्हणजे डीई-१११ या फॉर्मच्या, शेवटच्या भागात सर्व कायदेशीर वारस आणि मृत्युपत्रात उल्लेख असलेली सर्व माणसे नाव, नाते, वय आणि टपालाच्या पत्त्यासह लिहावी लागतात. मृत्युपत्राने ज्याला एक छदामही ठेवलेला नाही, असा वारसही त्यात हवा, कारण हिअरिंगची नोटीस त्यालाही जाते. सासऱ्यांनी आपल्या भारतातल्या बहिणींसाठी थोडी थोडी रक्कम ठेवली होती. वकिलांच्या कार्यालयाने मला एक कोरा तक्ता पाठवला आणि तो मी भरून दिला. म्हणजे माहिती जमवण्याचे खरे काम आमच्याकडेच राहिले. पुढे त्यांच्या मसुद्यात पत्नीच्या थोरल्या आत्या माहेरच्या आणि सासरच्या नावाने दोन वेगळ्या बाया झाल्या. ‘विठ्ठल मंदिरामागे, दुसरा मजला’ हा पत्त्यातला भाग त्यांच्या सॉफ्टवेअरच्या ओळीत मावला नाही म्हणून गाळला गेला, आणि जिल्ह्याचे नाव राज्याच्या रकान्यात जाऊन बसले. मी दुरुस्ती सहायिकेला कळवायची, तिने ती वकिलांपुढे ठेवायची आणि काही दिवसांनी नवा मसुदा यायचा. त्यात आत्या एकच झालेल्या असायच्या, पण त्यांच्यापुढे धाकट्या आत्यांचा पिनकोड पडलेला असायचा. यादी पक्की न झाल्यामुळे हिअरिंगही पुढे गेले. ती माणसे कामात वाईट होती असे मी म्हणणार नाही. आपल्याकडची नावे आणि पत्ते त्यांच्या रोजच्या साच्यातले नव्हते, इतकेच. परंतु जे काम शेवटी मलाच करायचे आहे, ते तिसऱ्या माणसामार्फत करण्याचा त्रास मला पुन्हा नको होता.

काकांच्या वेळी तर यादी याहून गुंतागुंतीची होती. काकांना मूलबाळ नव्हते आणि काकू आधीच गेल्या होत्या. अशा वेळी भावंडे, दिवंगत भावंडांची मुले, आणि जोडीदाराचा मृत्यू पंधरा वर्षांच्या आतला असेल तर त्या बाजूच्या नातेवाइकांबद्दलचे प्रश्नही फॉर्मवर येतात. म्हणजे काकूंच्या माहेरची चौकशी करणे आलेच. सांगलीच्या चुलत बहिणीकडे लग्नाच्या आमंत्रणांची वही होती. तिने फोनवर एकेक नाव वाचायचे आणि मी थेट फॉर्ममध्ये लिहायचे, अशी ती यादी तयार झाली. शंका आली की तिथल्या तिथे विचारता येत होते. प्रत्येकाकडून आधार कार्डावरचा पत्ता मागवून घेतला आणि पाकिटावर पत्त्याखाली मोबाइल क्रमांकही लिहिला.

नोटिसा हिअरिंगच्या किमान १५ दिवस आधी टपालात पडाव्या लागतात आणि त्या अर्जदाराने स्वतः टाकून चालत नाही. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून प्रत्येक पाकिटात डीई-१२१ची, म्हणजे नोटिशीच्या फॉर्मची, प्रत घातली, पाकिटे बंद केली, पोस्टात नेऊन टाकली आणि टपालाच्या दाखल्यावर सही केली. बदल्यात त्यांना चहा मिळाला.

स्वतः चालवण्यात कटकटी नाहीत असे मुळीच नाही. वर्तमानपत्रात नोटीस तीनदा छापून आणून तिचे प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल करणे, कोर्टाने नेमलेल्या प्रोबेट रेफरीकडून घराचे मूल्यांकन करून घेणे, मेडी-कॅल या राज्याच्या आरोग्य-साहाय्य योजनेला आणि राज्याच्या कर खात्याला वेगळी सूचना देणे, हे सगळे आपणच लक्षात ठेवायचे असते. क्लार्क फॉर्म घेतो, शिक्का मारतो, पण सल्ला देत नाही, आणि त्याबद्दल त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. मात्र बऱ्याच काउंट्यांत हिअरिंगच्या काही दिवस आधी प्रोबेट एक्झामिनरचे, म्हणजे कागदपत्रे तपासणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचे, शेरे कोर्टाच्या संकेतस्थळावर येतात: अमुक सही राहिली, तमुक जोडपत्र नाही. ते वाचून वेळेत पुरवणी दाखल केली की बहुतेक अडथळे दूर होतात. माझ्या मते स्वतः प्रकरण चालवणाऱ्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्गदर्शक आहे, आणि तोही फुकट. वेळेच्या बाबतीत मला दोन्ही मार्गांत फारसा फरक जाणवला नाही, कारण लेटर्स, म्हणजे इस्टेटीचा कारभार पाहण्याचे कोर्टाचे अधिकारपत्र, मिळाल्यानंतर धनकोंच्या दाव्यांसाठीचे चार महिने कोणालाच चुकत नाहीत.

खरी अडचण शेवटी येते. अंतिम वाटपाच्या अर्जासाठी छापील फॉर्म नाही. तो क्रमांकित ओळींच्या कागदावर स्वतः रचून लिहावा लागतो आणि त्यात पहिल्या दिवसापासूनचा सगळा हिशोब, सूचना आणि वाट्यांची मांडणी यावी लागते. सगळ्या वारसांनी हिशोबाची अट लेखी माफ केली तर हा अर्ज बराच आटोपशीर होतो. तरीही मी एवढ्या एका कामासाठी तासाच्या दराने वकील घेतला आणि तो खर्च मला रास्त वाटला. पूर्ण टक्केवारी आणि पूर्ण एकट्याने यांच्यामधली ही वाट फारशी सांगितली जात नाही, पण वारसांत एकोपा असेल आणि मालमत्ता म्हणजे एक घर व दोन-तीन खाती इतकीच असेल, तर मी तीच सुचवेन.

काही परिस्थितींत मात्र मी स्वतःसुद्धा सरळ वकिलाकडे जाईन. मृत्युपत्राला कोणी आव्हान देण्याची चिन्हे असतील, चालू धंदा इस्टेटीत असेल, कर्जे मालमत्तेहून जास्त असतील, किंवा कोर्टाला बॉन्ड, म्हणजे हमी कंपनीची आर्थिक हमी, द्यावा लागणार असेल तर एकट्याने उतरू नये. राज्याबाहेर राहणाऱ्या एक्झिक्युटरकडे (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याकडे) मृत्युपत्रात माफी असूनही कोर्ट बॉन्ड मागू शकते, आणि वकील नसलेल्या अर्जदाराला बॉन्ड देताना कंपन्या फार खळखळ करतात. पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून हे काम पाहणाऱ्यांनी हा मुद्दा आधी तपासावा. असा वकील ठरवताना करारावर सही करण्यापूर्वी इतके विचारून घ्यावे, की वारसांची यादी कार्यालयात नेमके कोण भरणार आहे, दुरुस्ती थेट त्या व्यक्तीला कळवता येईल का, आणि कोर्टात जाण्याआधी अंतिम मसुदा तुम्हाला वाचायला मिळेल का.