तामिया टीएस स्प्रे: काळी-पिवळीला झक्कास, पावसाळ्यात मात्र डबा कपाटातच बरा

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच रस्त्यावरून उतरली. आता ती शोकेसमध्येच दिसायची, तर निदान रंग तरी नीट बसावा. बॉडी किटची असो वा थ्री-डी प्रिंटची, १/२४ मापाच्या काळी-पिवळीच्या मॉडेलला तामिया या जपानी मॉडेल-कंपनीच्या टीएस स्प्रे रंगांचे तीन डबे लागतात: टीएस-१४ काळा, टीएस-४७ क्रोम यलो आणि वरून टीएस-१३ क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. टीएस-१६ चा पिवळा लिंबाकडे झुकतो, टॅक्सीच्या टपाला तो शोभत नाही.

डबा १०० मिलीचा. एका बॉडीला तीन हात दिले तरी बराच रंग उरतो. फवारा इतका बारीक की दाराच्या फटी बुजत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला ४०० मिलीचा डबा स्वस्त पडतो खरा, पण तो गेट आणि ग्रिल रंगवण्यासाठी. त्याचा जाड थर दाराची हँडलं आणि पॅनेलच्या रेषा गिळून टाकतो.

पिवळा रंग झाकायला आळशी असतो, म्हणून खाली पांढरा किंवा गुलाबी फाइन सरफेस प्रायमर हवाच. करड्या प्रायमरवर तोच पिवळा हिरवट, मळका दिसतो. आधी बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याच्या रेषा ६०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. टप आधी पिवळं करा, काळ्याचा नंबर नंतर. पहिले दोन हात २०-२५ सेंटिमीटरवरून नुसती धूळ बसल्यासारखे द्या, मध्ये १५ मिनिटं थांबा. तिसरा हात १५ सेंटिमीटरवरून ओला. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, नाहीतर पहिल्या दाबाचे थेंब नेमके बॉनेटवर पडतात.

दुसऱ्या दिवशी टपाच्या पन्हळीलगत वळणाची २ मिमीची पांढरी टेप लावा, बाकीचं टप साध्या मास्किंग टेपने झाका. टेपची कड लाकडी टूथपिकने दाबा आणि तिच्यावरून पुन्हा पिवळ्याचाच एक हलका हात फिरवा. टेपखाली काही झिरपलंच तर पिवळ्यावर पिवळं, कुणाला कळतही नाही. मग काळा मारायचा. स्टेशनरीच्या दुकानातली कागदी टेप इथे चालत नाही, तिची कड करवतीसारखी येते.

इथवर डब्याला पैकीच्या पैकी गुण. तक्रार सुरू होते ती जूनमध्ये, आणि तिच्यात डब्याइतकाच मुंबईच्या हवेचा हात आहे. टीएस हा लॅकर रंग. त्याचं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. खोलीत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर येतो. म्हणजे बॉडी जेमतेम तीन अंश गार झाली की हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. जानेवारीत २८ अंश आणि ५० टक्क्यांना हाच दवबिंदू १७ च्या आसपास असतो, हाताशी अकरा अंशांची सवड. परिणाम काळ्यावर सगळ्यात आधी दिसतो: आरशासारखा ओला काळा दोन-तीन मिनिटांत ताकासारखा पांढुरका पडतो, सुरुवात टपाच्या खांबांपासून आणि बॉनेटच्या कडांवरून. बोट लावू नका, घासूही नका. कोरडा दिवस मिळाला की लेव्हलिंग थिनरची, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरची, हलकी फवारणी करा. थर पुन्हा ओला होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि बहुतेक वेळा काळा परत येतो.

पावसाळ्यातच रंगवायचं अडलं असेल तर डबा थेट वापरू नका, एअरब्रशने (रंग फवारायच्या पेनाएवढ्या पिचकारीने) मारा. रंग काचेच्या वाटीत काढा, वर सैल झाकण ठेवून तासभर गॅस निघू द्या. घाई केली तर एअरब्रशच्या कपात फेस येतो. मग मिस्टर कलर या मॉडेल-रंगांच्या ब्रँडचा लेव्हलिंग थिनर घाला. त्यातल्या रिटार्डरमुळे रंग सावकाश सुकतो. ०.३ मिमी नोझल आणि साधारण १ बार दाब पुरतो. स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर फक्त एअरब्रश धुवायला ठेवा, उघड्या प्लास्टिकवर तो कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पाडतो. एसी ड्राय मोडवर आधी तासभर चालवून आर्द्रतामापी ६० च्या खाली आणता येतो, पण बंद खोलीत रंगाची वाफ पेट घेऊ शकते. त्यामुळे फवारणी एक्झॉस्ट लावलेल्या बूथमध्येच करा, शेजारच्या देवघरातली समई आणि उदबत्ती विझलेली असू द्या. तोंडावर ऑर्गॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क हवा, कापडी मास्कचा इथे काडीचा उपयोग नाही.

क्लिअरने नंबरप्लेटचं आणि दारावरचं डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) खाल्लं, ही टीएस-१३ ची नेहमीची कुरकुर. पहिल्याच हाताला ओला मारला की डिकॅल सुरकुततं. तीन कोरडे हात अर्ध्या-अर्ध्या तासाने द्या, मगच ओला. पॉलिशला निदान आठवडा थांबा, पावसाळ्यात दोन. मग २००० आणि ३००० चा कागद पाण्यातून, नंतर तामियाची पॉलिशची कंपाउंड लाल, निळ्या, पांढऱ्या झाकणाच्या क्रमाने. बॉनेटच्या उंच कडांवर टेप लावून घासा. तिथला थर सगळ्यात पातळ असतो, आणि काळ्यातून प्रायमर डोकावला की पुन्हा पहिल्यापासून.

खरेदीबद्दल एवढंच. एरोसोल विमानाने पाठवण्यावर निर्बंध असतात, म्हणून बाहेरगावाहून मागवलेला डबा रस्त्याने, सावकाश येतो. दुकानातून घेताना तळाची कड बघा, खाऱ्या हवेत पडून राहिलेल्या डब्याला तिथे गंज धरतो. हलवल्यावर आतली गोळी खणखणायला हवी. वापरून झालं की डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा, नाहीतर पुढच्या खेपेला नोझल तुंबलेलं मिळेल.