पथदिवे: सोडियम की एलईडी?
खांबावरचा पिवळा सोडियम दिवा दर वॅटमागे सुमारे १०० लुमेन (प्रकाश मोजायचे एकक) देतो, म्हणजे तो मुळात उधळ्या नाही; परंतु त्याचा प्रकाश चहूकडे विखुरतो, चोक (दिव्यातला विद्युतप्रवाह आवरणारा भाग) वेगळी वीज खातो आणि वीज गेल्यावर पुन्हा पूर्ण उजळायला काही मिनिटे लागतात. एलईडी दिवा प्रकाश थेट रस्त्यावर टाकतो, लगेच लागतो आणि मध्यरात्रीनंतर मंदही करता येतो. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमाचा भर त्यामुळेच एलईडीवर राहिला. एलईडीच्या प्रकाशात रंगही नीट ओळखू येतात. मात्र ६००० केल्विनचा (हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर) पांढराशुभ्र दिवा डोळ्यांत खुपतो. वस्तीत ३००० केल्विनचाच बसवावा, असे माझे ठाम मत आहे. सोडियमचा बल्ब बदलणे स्वस्त पडते, तर एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) विजेच्या चढउतारांनी निकामी होऊ शकतो, त्यामुळे नगरपालिकेच्या निविदेत सर्ज संरक्षणाची (विजेचा दाब अचानक वाढल्यास दिवा वाचवण्याची सोय) आणि देखभालीची अट असलीच पाहिजे.